चौकशीचा फोन

आमच्या भोकरदनमध्ये कोण कोणाच्या घरी बसलंय हे कळायला आत डोकवावं लागत नाही. दाराबाहेरच्या चपला बघितल्या की काम भागतं. कोणाच्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे, कोण घाईत पोराचेच सँडल पायात अडकवून आलीय, हे गल्लीला पाठ असतं. समुपदेशनाचा कोर्स पुरा करून मी एका मेडिकलच्या दुकानावरची खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली, तेव्हाच हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जन्म इथला, संसार इथला. पण नव्या पाटीचा आनंद असा असतो की माणसाला आपलं गावही दिसेनासं होतं.

तीन महिन्यांत त्या खोलीचा जिना दोनच माणसं चढून आली. पहिले गृहस्थ आधार कार्डावरचा पत्ता इथे बदलून मिळतो का, असं विचारत आले. दुसरी एक बाई होती. मी दार उघडलं आणि सवयीने खाली बघितलं, तर बाई अनवाणी. चपला खाली मेडिकलच्या पायरीशी काढलेल्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की औषध घ्यायला आलीय, आणि लोखंडी जिना ती तशीच चढून आलेली. मे महिना, दुपारचे दोन. ती माझ्यासमोर बसून भाजलेले तळवे खुर्चीखाली लपवत होती. तिचं मी काय ऐकलं ते सांगणार नाही. पण ती गेल्यावर मी पाटी उतरवली आणि ठरवलं, आता जे काही ते फोनवर, पडद्यावर. दारच नाही तर चपला कुठून येणार?

घरातली मागची खोली मी ताब्यात घेतली. शेजारच्या अंगणाकडची खिडकी कायमची लावून टाकली. दाराबाहेर बोळात आमचा जुना लोखंडी कूलर उलट्या तोंडाने ठेवला. त्याचा खडखडाट असा की दाराला कान चिकटवून उभं राहिलं तरी आतलं अक्षर कळणार नाही. उन्हाळ्यात पाणी घालून आणि हिवाळ्यात कोरडाच, पण माझं कोणाशी बोलणं चालू असलं की कूलर चालू. "डिसेंबरात कूलर लावणारं आख्ख्या जिल्ह्यात आपलं एकच घर," असं आमचे हे म्हणतात. हे निवृत्त शिक्षक आहेत. पस्तीस वर्षं वर्गावर हुकूम गाजवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात ठरावीक वेळी मागे यायची बंदी झाली, तरी त्यांनी ती पाळली. कधीकधी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आत परीक्षा चालू आहे."

कानात हेडफोन. फोनला कुलूप, आत ॲपला पुन्हा वेगळं कुलूप. वहीत नावं नाहीत, फक्त आकडे, आणि ती वही गोधड्यांच्या पेटीत तळाशी. पलीकडच्या माणसालाही मी पहिल्याच दिवशी शिकवायची की बसायचं कुठे, भिंतीला पाठ कशी लावायची, मध्येच कोणी आलं तर काय म्हणायचं. प्रत्येकाचं एक ठरलेलं वाक्य असायचं. ते कानावर आलं की मी गप्प व्हायची आणि वाट बघायची. इतका बंदोबस्त केल्यावर मला माझाच अभिमान वाटायला लागला होता, हे कबूल करते.

कोर्समध्ये पुण्याहून शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक नियम सांगितला होता. अमुक माणूस आपल्याकडे येतो का, असं कोणी विचारलं तर होकारही द्यायचा नाही आणि नकारही द्यायचा नाही. मी तो वहीत उतरवून लाल शाईने खाली रेघ मारली होती. होकार का द्यायचा नाही ते मला कळलं. नकार का द्यायचा नाही, ते मात्र तेव्हा डोक्यात शिरलं नाही. जो येतच नाही त्याच्याबद्दल "येत नाही" म्हणण्यात कोणाचं काय जातं, असं वाटलं. विचारायचा संकोच वाटला म्हणून मी विचारलंही नाही.

आता आमच्याकडची सोयरीक. मुलगी बघायला जायच्या आधी आणि बघून आल्यावर चौकशी होते, आणि ती कशी होते हे ज्यांच्या घरात लग्नाचं कोणी आहे त्यांना सांगायला नको. शेजाऱ्याला विचारतात, मामाच्या गावात विचारतात, कॉलेजातल्या क्लार्कला विचारतात, अंगावर कुठे पांढरा डाग आहे का म्हणून डॉक्टरच्या कंपाउंडरला विचारतात. एक दिवस या यादीत माझी भर पडली. भोकरदनची एक बाई मोबाइलवर पोरीबाळींच्या मनाचं बघते, हे एव्हाना सगळीकडे झालं होतं. एक सुखवस्तू आवाज फोनवर म्हणाला, "मॅडम, बाकी काही न्हाई, एवढंच सांगा. अमक्यांची पोरगी तुमच्याकडं येते का?"

ती येत नव्हती. मी तिचं नावही पहिल्यांदाच ऐकत होते. "छे हो, माझ्याकडे नाही येत," मी म्हणाले. पलीकडचा माणूस इतका खूश झाला की मलाही बरं वाटलं. त्या मुलीचं लग्न झालं. मला पत्रिका आली, मी जेवून आले, नवरीच्या आईने पंगतीत येऊन मला आग्रहाने जिलबी वाढली. मग असे आणखी फोन आले. वर्षभरात पाचसहा तरी. दर वेळी मुलगी माझ्याकडची नव्हती आणि दर वेळी मी मोकळेपणाने "नाही" म्हणाले. लाल शाईची रेघ आठवायची अधूनमधून. पण पोरींचं भलंच होतंय की, असं म्हणून मी ती बाजूला सारायची. माझ्या "नाही"ला गावोगाव भाव आला होता आणि मला तो आवडत होता.

त्याच वर्षात ती मुलगी माझ्याकडे यायला लागली. ती आष्टीची, परतूर तालुक्यातली, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. परतूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिच्याबद्दल जेवढं सांगितलं तर ती ओळखू येणार नाही तेवढंच इथे सांगते, आणि त्यातलंही काही बदललं आहे. वडील अचानक गेल्यापासून तिला बंद जागेत श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. एसटीची दारं लागली की घाम फुटायचा. एकदा ती चालत्या गाडीतून उतरायला निघाली होती. "मॅडम, मी येडी होऊन राह्यली का?" हा तिचा मला विचारलेला पहिला प्रश्न. मी सगळ्यांना अहोजाहो करते, पण तिने आठवड्याभरात माझ्याकडून "तू" म्हणवून घेतलं.

ती घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बोलायची. दर बुधवारी दुपारी, लॅबची अर्धी सुट्टी असायची तेव्हा. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "रिपोर्ट उद्या भेटन." जिन्यावर पाय वाजला की ती आवाज बदलून म्हणायची, "न्हाई काका, आज न्हाई, रिपोर्ट उद्या भेटन." इतकं बेमालूम की पहिल्यांदा मीच गोंधळले. तिची आई वर वाळवण घालायला यायची आणि लेकीच्या कामसूपणाचं कौतुक करून खाली जायची. आईला सांगितलेलं नव्हतं. घरात फक्त वहिनीला माहीत होतं, कारण पहिल्यांदा माझा नंबर तिनेच शोधून दिला होता.

आठ महिन्यांत ती खूप सुधारली. एकटी बसने जालन्याला जाऊन आली तेव्हा बसस्टँडवरूनच फोन करून म्हणाली, "मॅडम, मी बराबर मधल्या सीटवर बसल्ती, खिडकीपाशी बिलकुल न्हाई." मी कूलरच्या खडखडाटात एकटीच हसत बसले. आणि मग एका बुधवारी ती लाजत म्हणाली, "तीर्थपुरीचं स्थळ आल्तं."

मुलगा बियाण्यांच्या कंपनीत होता. बघायला आले तेव्हा सगळे बोलत असताना त्याने हळूच उठून खोलीचं दार उघडून ठेवलं, फक्त वारा यावा म्हणून. त्याला काही माहीत नव्हतं. पण तेवढ्यावर ती त्याच्यावर जीव टाकून बसली. पत्रिका आधीच जुळवून बघितली होती, दोन्हीकडून पसंती होती. आम्ही तीन बुधवार एकाच गोष्टीवर बोललो, की त्याला सांगायचं का आणि कधी.

"मीच सांगन," ती म्हणाली. "पण पयले दोनचारदा बोलू द्या मला त्याच्याशी. मला कळू तर द्या तो कसाय. मंग माझ्या तोंडानं सांगन. दुसऱ्या कोणाच्या न्हाई."

मी म्हणाले, "तुझी गोष्ट आहे. कधी सांगायची ते तूच ठरवायचं. तोवर ती माझ्याकडून बाहेर जाणार नाही." हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणते. तिला म्हणताना मनापासून म्हणाले.

तीर्थपुरी हे नाव मला नवं नव्हतं. माझी मोठी नणंद तिथे दिलेली आहे. पण तीर्थपुरी काय एका घराची आहे का? बाजारपेठेचं गाव, शेकडो घरं. त्याच वेळी मुलीला त्या मुलाचं आडनाव विचारून घेतलं असतं, माझे पाहुणे तिथे आहेत एवढं सांगून ठेवलं असतं, तर पुढचं कदाचित टळलं असतं. मी विचारलं नाही. तिचा आनंद मोडावासा वाटला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच भीती वाटली होती.

नणंदेचा फोन शनिवारी सकाळी आला. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. इकडचंतिकडचं न बोलता आक्का सरळ मुद्द्यावर आल्या.

"अगं, माझ्या धाकट्या दिराच्या पोराचं जमत आलंय. आष्टीची पोरगी हाये, परतूरला रक्ताच्या लॅबमधी असती." आणि त्यांनी नाव घेतलं. "सगळी चौकशी झाली, बिलकुल चांगलं घर हाये. तुझं तेवढं राहिल्तं. तुझ्याकडं न्हाई ना येत ती?"

हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. एक साधा शब्द होता. वर्षभर तो मी सढळ हाताने वाटला होता. तोच शब्द त्या क्षणी माझ्या तोंडातून निघेना, कारण आता तो खोटा होता, आणि मला एकदम ती लाल रेघ आठवली, तो नियम आठवला, पुण्याच्या बाई आठवल्या. नको त्या वेळी मला शहाणपण सुचलं.

"आक्का, मला असं कोणाबद्दल सांगता येत नाही," मी म्हणाले.

फोनवर मागे कुठेतरी बांगड्या वाजल्या. म्हणजे मुलाची आईही जवळच बसून ऐकत होती.

"सांगता येत न्हाई म्हंजे?" आक्का म्हणाल्या. "त्या शिक्षकाच्या पोरीचं तर तू लगेच सांगितलं होतंस. आमच्या शेजारणीच्या भाचीचं बी सांगितलं होतंस."

"तेव्हा माझं चुकलं. तसं सांगायचं नसतं."

"असं? बरं."

"आक्का, यातून काही अर्थ काढू नका. मी सगळ्यांनाच हे सांगणार आहे आता."

"आतापासून?"

"हो."

"हिच्यापासून," आक्का म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांचा आवाज मऊ झाला होता. "समजलं बाई. तू धर्माला जागलीस. एक शब्द बोलली न्हाईस. घाबरू नको, तुझं नाव मी कुठं येऊ देणार न्हाई."

मी पुन्हा फोन लावला, दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला तेव्हा मी बोलत सुटले, आणि जितकी बोलले तितकी अडकत गेले. ती मुलगी चांगली आहे म्हणावं तर मी तिला ओळखते असं होतं. तिला काही झालेलं नाही म्हणावं तर मला माहीत असतं असं होतं. शेवटी आक्काच म्हणाल्या, "अगं, किती जीव तोडून राह्यलीस! राहू दे ना." ह्यांना सांगावं तर ह्यांनाही सांगता येत नव्हतं. हे कपड्यांची बादली आत घेऊन आले आणि म्हणाले, "काय म्हणत होती आक्का?" मी म्हणाले, "काही नाही, खुशाली." टॉवेल मी तसाच ओला घडी घालून कपाटात ठेवला होता, तो सोमवारी वासावरून सापडला.

मंगळवारी तीर्थपुरीहून आष्टीला निरोप गेला, पत्रिका जुळत नाही.

बुधवारी ती टाकीच्या सावलीत बसली होती. डोळे सुजलेले. "मॅडम, पत्रिका पयलेच जुळली होती. सव्वीस गुण. मंग आता कशी मोडली?" मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "लॅबमधी एक बाई आल्ती काल. रक्त देता देता मलाच विचारती, पोरी, तुझ्या डोक्याच्या गोळ्या चालू हायेत म्हणे? मी आयुष्यात एक गोळी न्हाई घेतली मॅडम. तुम्ही तर कोणाला काही सांगितलं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं.

तिने सुस्कारा सोडला. "मला माहीतच होतं. वहिनीच हाये मंग. तिच्याबिगर कोणाला ठावूक होतं? कालपासून मी तिच्याशी बोलली न्हाई. रात्री ताट लोटून दिलं तिनं वाढलेलं. भावाला बी सांगणार हाये मी."

वहिनीचा काडीचा दोष नव्हता. त्या घरात या मुलीच्या पाठीशी उभं राहिलेलं तेवढं एक माणूस होतं आणि माझ्या त्या खऱ्या "नाही"ने तेही तिच्यापासून तुटत होतं. मला तिथेच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला पाणी प्यायला सांगितलं, श्वास मोजायला लावले, जे जे येतं ते सगळं केलं. वेळ संपत आली तेव्हा मी म्हणाले, "वहिनीने नाही सांगितलं. ऐक." आणि सगळं सांगितलं. जिलबीपासून सांगितलं, पाचसहा मुलींबद्दल दिलेल्या नकारांपासून, आक्कांच्या फोनपर्यंत. तीर्थपुरी ऐकल्यावर मी गप्प का बसले तेही.

पडद्यावर ती माझ्याकडे बघत होती. मग नजर जिन्याकडे वळली. "न्हाई काका, रिपोर्ट उद्या भेटन," ती म्हणाली. मी वाट बघत बसले. कोणीतरी आलं, बादली सरकली, पावलं खाली गेली.

"म्हंजे तुम्ही काहीच बोलल्या न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"त्या सगळ्या पोरींच्या बारीला बोलल्या आणि माझ्या बारीला गप बसल्या."

"हो."

"एकदा खोटं बोलल्या असत्या तर काय झालं असतं मॅडम?"

मी तिला नियम समजावून सांगू लागले. अर्ध्या वाक्यात माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी थांबले. काय समजावत होते मी तिला? तिचं जे जायचं ते गेलं होतं. मी माफी मागितली. त्या मुलाशी तू स्वतः बोलून बघ, असंही म्हणाले. त्यावर ती म्हणाली की तिने नंबर लावला होता, पण त्याने तिचा नंबर ब्लॉक करून टाकलेला आहे.

"मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं," ती म्हणाली. एवढंच दोनदा म्हणाली. मग चेहरा पुसून म्हणाली, "पुढच्या बारीला कोणी विचारलं तर सरळ न्हाई म्हणा. येत न्हाई म्हणा. एवढं करा माझ्यासाठी."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दर बुधवारी दुपारी कूलर लावून मागच्या खोलीत बसत होते. फोन मी करू शकत नव्हते. आईने उचलला तर कोण म्हणून सांगणार? एक मेसेज टाकला, तोही कोणी वाचला तरी चालेल असा: "रिपोर्टबद्दल कधीही बोलू शकता." तिने वाचला. उत्तर दिलं नाही. वहिनीशी तिचा अबोला सुटला की नाही, तेही मला कधी कळलं नाही.

मी मात्र नियम पाळायला लागले. आता कोणाचाही फोन येवो, माझं एकच वाक्य: मी कोणाबद्दलच काही सांगत नाही. हे सगळीकडे पसरावं म्हणून न विचारणाऱ्यालाही सांगत सुटले, दळणाच्या गिरणीत, लग्नात, बाजारात. सगळ्यांना सारखंच उत्तर मिळालं म्हणजे कोणाचं काही कळणार नाही, असा माझा हिशेब. महिना झाला नसेल तोच आमच्याच मागच्या गल्लीतली एक आई दारात येऊन उभी राहिली.

"माझी पोरगी तुमच्याकडं कधी आल्ती?" ती ओट्यावरूनच ओरडली. "सांगा ना, कधी आल्ती? मंग न्हाई म्हणायला तुमचं तोंड दुखत होतं? पाव्हण्यानं विचारलं तर म्हणं, मी सांगत नसते! पाव्हणे म्हणून राह्यले, काहीतरी असल्याबिगर बाई लपवती का?"

मी सांगायचा प्रयत्न केला की मी सगळ्यांनाच असं म्हणते. ती म्हणाली, मग मला लिहून द्या, माझी पोरगी येत नाही म्हणून. मी म्हणाले, तसं लिहून दिलं तर उद्या ज्यांना लिहून देणार नाही त्यांचं काय? तिला ते कळलं नाही, आणि कळावं तरी कशाला? तिच्या पोरीचं लग्न अडलं होतं. आमचे हे आतून चष्मा लावत आले आणि हळूच म्हणाले, "देऊन टाक ना लिहून. एवढंसं काम." मी दिलं नाही. ती बाई जाताना आमच्या दारातल्या चपलांना लाथ मारून गेली. ह्यांची एक चप्पल नालीत पडली. हे ती धूत बसले आणि मी आत येऊन भिंतीला पाठ लावून बसले, जसं मी सगळ्यांना शिकवते तसं.

ती यायची थांबल्याला अकरा बुधवार झाले होते, तेव्हा तो फोन आला. सकाळची वेळ, मी भाजी चिरत होते. अंबडकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. अतिशय सभ्य माणूस. आधी माझी विचारपूस केली, मग ओळख सांगितली, मग म्हणाले, "पुतण्यासाठी एक स्थळ बघून राह्यलो. आष्टीची मुलगी हाये, परतूरला लॅबमध्ये..."

"नाही," मी म्हणाले. "ती माझ्याकडे येत नाही."

मी ठाम बोलले. आणि ते खरं होतं. आता ते खरंच होतं, ती माझ्याकडे येत नव्हती. तिला दिलेला शब्द मी पाळला होता आणि खोटंही बोलले नव्हते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून तिच्यासाठी काहीतरी झालं.



"मॅडम, राग मानू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्या साडूंनी मागच्या महिन्यात त्यांच्या होणाऱ्या सुनेबद्दल तुम्हाला विचारल्तं. तुम्ही म्हणाल्या, मी कोणाबद्दलच सांगत नसते. आम्हाला ते फार आवडलं. मी तर घरात म्हटलं, अशी माणसं पाहिजेत. मंग या मुलीचं तेवढं कसं सांगितलं? मी तर अजून तिचं नावही घेतलं न्हाई."

विळीवर भेंडी अर्धी चिरलेली होती. मी ती बघत राहिले. 

"बरं, ठेवतो," ते म्हणाले.